काळ्या दगडातला कंगवा

६ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच बाजूला टाकशील असं वाटलं, म्हणून पत्ता टायपिस्टकडून टाइप करून घेतला. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. काम ऑफिसचं आहे, घरचं नाही.

मी सध्या एका धरणाच्या बांधकामावर भूवैज्ञानिक आहे. भिंतीसाठी दगड कुठून काढायचा, कुठला टिकेल आणि कुठला दोन वर्षांत भुगा होईल, हे सांगायचा पगार मिळतो. नदीकाठी आमची खाण आहे. गेल्या महिन्यात तिथे एक काळी, पापुद्र्यांची लादी उलटली आणि माणसांत गलका झाला, "मुकादम, दगडात कंगवा!"

मी धावत खाली उतरले. खरंच कंगवा वाटत होता. लांबट जबडा आणि त्यात सुयांसारखे बारीक, दाटीवाटीने बसलेले दात. मागे लांब मान, अंगाच्या मानाने भलत्याच जाड फासळ्या, आणि दगडात शिरलेली शेपूट. हातभर लांबीचा पाणसरडा. मुकादम म्हणाला, "बाई, भिंतीत लावू का बाहेर ठेवू?" मी म्हटलं, हात लावाल तर याद राखा.

तुझ्या संग्रहालयात, महासागराच्या त्या काठाला, काचेच्या पेटीत असाच एक आहे. तुझ्याच लेखात मी त्याचं चित्र पाहिलंय. मला त्याच्या फासळ्यांचे जवळून काढलेले फोटो हवेत. तो ज्या थरात मिळाला त्याच्या वर काय होतं आणि खाली काय होतं, तेही सविस्तर हवं.

घाई आहे. खाण धरणाच्या पोटात येते. भिंत पुरी झाली, दरवाजे खाली आले, की सगळं पाण्याखाली.

बाबा बरे आहेत.


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. फोटो नाहीत, प्रश्न आहेत. अपेक्षाच होती.

"हा समुद्र पोहून जाणारा प्राणी नव्हता कशावरून? बाबांसारखी उडी मारू नकोस." दुसरं वाक्य वाचून पत्राचे तुकडे करणार होते. पण पहिला प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते.

ज्या चिखलात हा मेला तो खोल समुद्राचा नाही. उथळ, अडकलेल्या पाण्याचा आहे. वरच्या एका पापुद्र्यावर चिखल वाळून भेगा पडल्यात, आणि शेजारी पावसाच्या थेंबांचे ठसे आहेत. हातपाय बघ त्याचे. तळ्यात मासे पकडायला ठीक, महासागर ओलांडायला नाही. बरं, पोहू शकत होता असं धरून चालू. मग तो जगभर सापडायला हवा होता. सापडतो तो फक्त तुझ्या काठाला आणि माझ्या.

आता खालचं ऐक. काळ्या थराच्या खाली कोळशाची पट्टी आहे, त्यात जिभेच्या आकाराची पानं. त्या झाडाचं बी वाऱ्यावर उडणारं नव्हे, समुद्रापार जाणारं तर नव्हेच. त्याच्याही खाली गोट्यांचा थर, लहानमोठे दगड एकाच चिखलात कालवलेले. बर्फाच्या नदीने आणून टाकावेत तसे. आणि सगळ्यात तळाला जुना कातळ, त्यावर ओरखडे. बर्फ अंगावरून सरकत गेला की कातळावर उठतात ते. दादा, इथे आता दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो!

मी त्या ओरखड्यांची दिशा घेतली. पुन्हा घेतली. मग मुकादमाला होकायंत्र धरायला लावून परत घेतली. बर्फ समुद्राकडून जमिनीवर आलाय. समुद्रातून बर्फाची नदी चढून वर येते कशी, सांग. येत नाही. तिथे त्या वेळी समुद्र नव्हता. तिथे तुझी जमीन होती.

ओरखडे, गोटे, कोळसा, काळा थर, आणि सगळ्याच्या डोक्यावर लाव्हाचा थर. माझ्याकडे हा क्रम आहे. तुझ्याकडे काय आहे ते लिही. एवढंच मागते.

बाबांच्या उडीचं काढलंस म्हणून मीही काढते. त्या दिवशी हॉलमध्ये ते खंडवहनावर, एकेकाळी जोडलेले खंड सरकत दूर गेले ह्या मतावर, बोलत होते तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते, तू पहिल्या. त्यांनी दोन्ही काठांचे नकाशे कापून आणले होते. किनाऱ्यावर कापलेले नव्हे, पाण्याखाली खंडाची खरी कड असते तिथे. जुळवून दाखवले. मग तू उठलास. त्यांचा विद्यार्थी, त्यांचा मुलगा. म्हणालास, "सर, एवढा खंड ढकलतंय कोण?" आणि हॉल हसला. खूप वेळ हसत होता. बाबांनी नकाशे गोळा केले, एक खाली पडला तो वाकून उचलला, आणि निघून आले. त्यानंतर व्याख्यानाला ते पुन्हा उभे राहिले नाहीत. तू महिन्याभरात बोटीत बसलास.

बाबा बरे आहेत असं मागे लिहिलं. ते तितकंसं खरं नाही. त्यांची नजर गेलीय. एका डोळ्याला उजेड कळतो, बाकी काही नाही. माझ्याकडेच असतात, प्रकल्पाच्या वसाहतीत. मी तुला लिहिते हे त्यांना माहीत नाही.


२० फेब्रुवारी

दादा,

फोटो मिळाले. आभार. सोबत एक ओळही नव्हती, ती न लिहिल्याबद्दलही आभार.

फासळ्या त्याच आहेत. शंकाच नाही.

काल समितीपुढे उभी राहिले. समिती म्हणजे तिघंच. मुख्य अभियंता, हिशेबनीस, आणि अध्यक्ष म्हणून बाबांच्याच वयाचे एक निवृत्त भूशास्त्रज्ञ. मी मागणी केली की दरवाजे महिनाभर थांबवा, लादी नीट काढू द्या, आसपास खोदू द्या. अजून सांगाडे निघतील.

मुख्य अभियंता म्हणाला, "बाई, खाली शेकडो गावं पाण्याची वाट बघतायत. तुमचा सरडा इतकी वर्षं थांबला, मी नाही थांबू शकत."

त्याचं चुकत नाही, दादा. तेच तर अवघड आहे.

अध्यक्षांनी शांतपणे बॅग उघडली आणि एक लेख काढला. लेख तुझा होता. त्यांनी वाचून दाखवला. दोन खंडांच्या मधे पूर्वी जमिनीचा पूल होता, प्राणी त्यावरून चालत इकडचे तिकडे गेले, मग पूल समुद्रात खचला. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "लेखक तुमचे बंधूच ना? मग हा वाद तुम्ही घरातच मिटवून यायला हवा होता."

हिशेबनीस हसला. मला बाबांवर हसलेला तो हॉल आठवला.

मी म्हटलं, "सर, खंडाचा दगड हलका असतो आणि समुद्राच्या तळाचा जड. लाकडाची फळी पाण्यात बुडाली असं कुणी सांगितलं तर तुम्ही मानाल का? तो पूल बुडेल कसा? आणि बुडाला असेल तर बर्फ त्या पुलावरून चढून आला का?"

त्यांनी लेख मिटून बॅगेत ठेवला. मग म्हणाले, "ज्या माणसाने पूल बांधलाय त्यालाच पाडायला सांगा. तुमच्या भावाने लेखी द्यावं की जीव एकच, थर एकच, क्रम एकच, आणि पुलाचं मत तो मागे घेतो. मी दरवाजे महिनाभर थांबवीन. माझा शब्द."

अभियंत्याचं तोंड कडू झालं, पण अध्यक्षांचा शब्द त्याने मानला.

तेव्हा आता हे असं आहे. मला माहीत आहे की तुझ्या संचालकपदाची निवड ह्याच महिन्यात आहे. ज्यांच्या हातात ती आहे त्यांना खंडवहन म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबतात, हेही माहीत आहे. त्या पुलावर तुझी अर्धी कारकीर्द उभी आहे. मी तुला गळ घालत नाही. थरांचा क्रम तुझ्या डोळ्यांसमोर आहे, तो बघ आणि जे दिसतं ते लिही. तार केलीस तरी चालेल.


११ मार्च

दादा,

तार नाही, पत्र नाही. पोस्टातला कारकून मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

वरच्या खोऱ्यात अवेळी पाऊस झालाय. नदी वळवायला जो बोगदा काढला होता त्याच्या तोंडाशी वाहून आलेले ओंडके अडकलेत. दरवाजे अजून पडलेले नाहीत आणि तरीही पाणी चढतंय. आज खाणीच्या खालच्या पायरीला लागलं. अभियंता म्हणतो, "मी नाही हो अडवलं, तुमच्या नदीला सांगा." टोमणा नव्हता. तोही कालपासून जेवलेला दिसत नाही.

मी वाट बघणं सोडलंय. मुकादमाने आपणहून माणसं दिली. लादीच्या चारही बाजूंनी चर खणतोय. वरून ओलं गोणपाट आणि प्लास्टर चढवायचं, खालून पाचर मारून सुटी करायची आणि कप्पीने वर ओढायची. अख्खी निघाली तर.

बाबा विचारतात, हाताला हे खरखरीत काय लागलंय, वास कसला? मी म्हणते, सिमेंट. त्यांनी आयुष्य सांगाडे प्लास्टरमध्ये बांधण्यात काढलंय. त्यांना प्लास्टरचा वास कळत नाही असं मला वाटतं की काय, कोण जाणे. ते पुढे विचारत नाहीत.

तुझा नकार असेल तर तोही कळव. मला नकार चालतो. मात्र तुझं हे असं गप्प बसणं मला दुसऱ्यांदा सहन होत नाही.


१९ मार्च

दादा,

हात दुखतोय, अक्षर लागलं तर वाच.

काल सकाळी लादी सुटी झाली. प्लास्टरचं गाठोडं दोराला बांधलं, कप्पी लावली. पाणी चरात घोट्यापर्यंत होतं. वर चार माणसं ओढत होती, खाली मी आणि मुकादम पहारीने रेटत होतो. लादी कमरेइतकी उचलली गेली. मी ओरडले, "आली, आली!" एखाद्या पोरीसारखी.

तेवढ्यात चराची एक बाजू ढासळली. पाणी मागून आत घुसलं. कप्पीचा खांब कलला आणि लादी तिरकी होऊन खाली आली. मुकादमाचा पाय तिच्याखाली गेला.

तो किंचाळला नाही. नुसतं "बाई" म्हणाला.

आम्ही पहार घातली. लादी हलेना. वरच्यांनी दोर ओढला, तर ती त्याच्या पायावरच फिरायला लागली, म्हणून थांबवलं. पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. वरून कुणीतरी म्हणालं, क्रेन आणतो. क्रेन भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होती.

मी लादीकडे बघितलं. दाब कुठे आहे ते दिसत होतं. मानेच्या थोडं मागे, तिथे दगडात जुनी चीर होती. तिथे घाव घातला तर दगड दुभंगणार, आणि पायावरचा तुकडा उचलता येणार. पायावरचा तुकडा डोक्याकडचा होता. जबडा, दात, सगळं त्यात. ते मीच प्लास्टरमध्ये बांधलं होतं.

मुकादमानेही तिकडे बघितलं. त्याला कळलं. म्हणाला, "क्रेन येईल, बाई."

मी म्हटलं, "गप्प बसा," आणि घण उचलला.

पहिला घाव प्लास्टरने खाल्ला. दुसऱ्याला आवाज बदलला. किती मारले ते आठवत नाही. दगड फुटला तेव्हा पुढचा तुकडा पापुद्र्यापापुद्र्याने विसकटला. पत्त्यांचा कॅट हातातून सुटावा तसा. आम्ही तुकडे हाताने उपसून पाण्यात फेकले. त्या काळ्या पाण्यात मी दात फेकले, दादा, ओंजळीने.

मुकादमाला दोराने वर काढलं. नडगी मोडलीय, बोटं चेचलीत, पण पाय राहील असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात मला बघून म्हणाला, "तुमच्या त्या कंगव्याने माझा कायमचाच भांग पाडला असता." मग त्याला हसताना रडू आलं आणि मला नुसतंच रडू.

मागचा तुकडा माणसांनी ओढून काढला. फासळ्या आहेत, मागचे पाय आहेत, शेपूट आहे. डोकं नाही.

आज खाण दिसत नाही. नुसतं पाणी आहे.


२१ मार्च

दादा,

तार आज हातात पडली. "जीव एकच. थर एकच. क्रम एकच. पूल मागे घेतो. अध्यक्षांना वेगळी तार. खडी, उशीर झाला का?"

कितीतरी वर्षांनी कुणी मला खडी म्हटलं.

झाला उशीर. पण तो सगळा तुझा नाही. तारेवरची तारीख मी बघितली. मुकादम चरात उतरला त्याच्याही आधी तू ती केलीस. मधे कुठल्या तरी ठाण्यावर पडून राहिली. अध्यक्षांचीही आजच आली. ते स्वतः माझ्या घरी आले, तार हातात घेऊन, आणि दारातच उभे राहिले. मी त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी तुझे फोटो शेजारी धरले आणि एकेक फासळी बघत गेले. शेवटी म्हणाले, "लिहून काढा. मी आडवा येणार नाही." त्यांच्या वयाला तेही सोपं नसेल.

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. अध्यक्ष गेल्यावर हाक मारली.

"सिमेंट कुठेय ते आण इकडे."

मी तुकडा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. त्यांनी बोटांनी फासळ्या चाचपल्या, शेपटीच्या मणक्यांवरून हात फिरवला. मग तुटलेल्या कडेशी येऊन थांबले.

"इथे काय झालं?"

सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर जागी मारलंस." आणि काही वेळाने, "तार कुणाची होती?"

तुझं नाव ह्या घरात मी इतक्या वर्षांत उच्चारलेलं नव्हतं. आज सांगितलं. तार वाचून दाखवली. पूल मागे घेतो, हे ऐकल्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, आता सुखावले असतील. जिंकले एकदाचे.

तर म्हणतात कसे, "त्याला असं वाटतंय का, की मी त्या दिवशी त्याच्यावर रागावून निघून आलो?"

मी म्हटलं, "नाही तर काय?"

"अगं, त्याने विचारलं ते बरोबरच होतं. कोण ढकलतंय? मला उत्तर येत नव्हतं. ज्या हवामानशास्त्रज्ञाने हे सगळं पहिल्यांदा मांडलं त्यालाही येत नव्हतं. उत्तर येत नसताना नकाशे जुळवत उभं राहायची मला लाज वाटली. हसणाऱ्यांची नाही, माझी. म्हणून सोडलं. त्यानंतर मी रोज तोच विचार करतोय. तुला काय वाटलं, मी इथे नुसता पडून असतो?"

मी उठून चहा टाकला.


३० एप्रिल

दादा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. संचालकपद दुसऱ्याला गेलं हे तू एका ओळीत उरकलंस आणि समुद्राच्या तळावर तीन पानं लिहिलीस. तुझ्या घरी बायकोने ह्या प्रमाणाचं कौतुक केलं असेल अशी आशा आहे.

ती तीन पानं मी बाबांना वाचून दाखवली. महासागराच्या मधोमध पाण्याखाली डोंगरांची ओळ आहे, तिच्या माथ्यावर उभी भेग आहे, तिथला दगड कोवळा आणि दोन्ही काठांकडे जावं तसा जुना होत जातो, हे एकदा वाचलं तर म्हणाले, पुन्हा वाच. दगडातल्या चुंबकत्वाचे पट्टे भेगेच्या दोन्ही बाजूंना आरशात बघावेत तसे सारखे आहेत, इथे आले तेव्हा पलंगावर उठून बसले.

"म्हणजे खंड नांगरासारखा तळ कापत जातच नाही. आम्ही सगळे तिथेच अडकलो. तळच मधून उसवतोय, खालून नवा भरतोय, आणि खंड त्याच्यासोबत चाललाय! त्याला विचार, पट्ट्यांची रुंदी दोन्हीकडे मोजली का? आणि काठावरचा जुना तळ जातो कुठे, ते विचार. कुठेतरी खाली जात असणार. नाहीतर पृथ्वी फुगेल."

आज सकाळपासून मी त्यांची लेखनिक आहे. सोबत प्रश्नांची आठ पानं जोडली आहेत. उत्तरं पत्राने नकोत म्हणतात, समोर बसून हवीत. मुकादमही रोज काठी टेकत येतो आणि त्यांच्यासमोर बसून ऐकतो. त्याला त्यातलं फारसं कळत नाही, पण बाबा ओरडायला लागले की त्याला मजा वाटते.

फासळ्यांचा लेख पुरा होत आलाय. दोघांच्या नावाने जावा असं तू सुचवलंस. जाऊ दे. डोकं नाही म्हणून लोक खोड काढतील. काढू देत.

आता माझं. बाबांनी तुला कधीचंच माफ केलंय. माफ करायला काही नव्हतंच, असं ते म्हणतात. मला तितकं सोपं नाही. तू प्रश्न विचारलास ते बरोबर, पण हॉल हसत होता तेव्हा तू वळून "हसू नका" म्हणाला नाहीस. एवढं एक वाक्य. आणि नंतर घरी आला नाहीस. बाबांची नजर जात होती तेव्हा त्यांना वाचून दाखवायला मी होते, तू नव्हतास. त्याचं उत्तर समुद्राच्या तळात नाही. ते तुला मला द्यावं लागेल, बाबा झोपल्यावर नव्हे, त्यांच्यादेखतही नव्हे, वेगळं.

बोट पुढच्या महिन्याच्या शेवटी लागते असं तू लिहिलंयस. नक्की दिवस तारेने कळव, मी धक्क्यावर येईन. बोलेन की नाही ते तेव्हा बघू. पण सामान उचलायला येईन.